भिंतीवरचे चित्र किती वर्षांचे?

नव्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर एखादे मोठे चित्र असावे, ही हौस आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या गावांतही सपाट छताचे, मोठ्या खिडक्यांचे, दर्शनी बाजूला एक उंच कोरी भिंत सोडलेले बंगले उभे राहत आहेत आणि ती कोरी भिंत मालकाला स्वस्थ बसू देत नाही. किनवटमधल्या एका परिचित शिक्षक दांपत्याचे घर असेच पूर्ण होत आले होते. रस्त्याकडची भिंत पश्चिमेला तोंड करून, बारा फूट रुंद आणि चौदा फूट उंच. त्यांनी मला दोन प्रश्न विचारले : चित्र कोणते काढून घ्यावे आणि चौरस फुटाला भाव काय द्यावा? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्या आधी एक तिसरा प्रश्न यायला हवा, असे मला वाटते. हे चित्र किती वर्षे टिकावे अशी आपली अपेक्षा आहे? भिंत कशी बांधायची, रंग कोणता, चित्रकार कोण आणि त्याच्याशी करार काय, हे सारे या एका उत्तरावर ठरते. आणि नेमका हाच प्रश्न कोणी विचारत नाही.

आपल्या जुन्या घरांना याचे उत्तर ठाऊक होते : एक वर्ष. मातीच्या भिंतीला पावसाळ्यात खरवड लागते, पोपडे निघतात. पाऊस उघडला की बाया पांढऱ्या मातीने भिंती सारवतात, खालच्या बाजूला काव किंवा गेरूचा पट्टा ओढतात, दाराच्या दोन्ही अंगांना बोटांनी वेलबुट्टी, चांदसूर्य, पावले उमटवतात. हे काम दसरा-दिवाळीच्या सुमारास होते, कारण भिंत तेव्हा वाळलेली असते आणि घरात सणही असतो. किनवट-माहूरच्या आणि शेजारच्या आदिलाबादच्या गोंडांमध्ये हेच दिवस दंडारीचे. मोरपिसांचा मोठा टोप घातलेले गुसाडी गावोगाव नाचत जातात. पाहुणा दारात येण्याआधी भिंत नवी होते. पुढच्या पावसाने ती धुपणार, हे सारवणाऱ्या बाईला पक्के माहीत असते आणि त्याची तिला खंत नसते. चित्र टिकत नाही, चित्र काढण्याची रीत टिकते.

वारली चित्रांचेही मूळ तेच. आज कापडी पिशवीपासून विमानतळाच्या भिंतीपर्यंत दिसणारी ही चित्रे मुळात लग्नघरातली. पालघाट देवीचा चौक सवाशिणी लिहीत, तांदळाच्या पिठाने, गेरूने सारवलेल्या भिंतीवर. तो विधीसाठी असे आणि विधी संपला की त्याचे काम संपे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णींच्या प्रयत्नांतून ही चित्रे कागदावर आली, जिव्या सोमा मशे यांनी ती रोजच्या रोज, विधीशिवाय काढायला सुरुवात केली आणि वारली चित्र टिकाऊ वस्तू बनले. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. कागदाने चित्राला आयुष्य दिले, त्याच वेळी दरवर्षी पुन्हा लिहिण्याची गरज मात्र काढून घेतली. सिमेंटच्या भिंतीवर ऑइलपेंटने वारली काढून घेणारा घरमालक या बदलाच्या शेवटच्या टोकाला उभा असतो.

दुसरे टोक अजिंठ्याचे. मराठवाड्यात भित्तिचित्र म्हटले की अजिंठा आठवणारच आणि दीड हजार वर्षे टिकलेल्या चित्रांचा दाखला प्रत्येक रंगवाला देणारच. पण ती चित्रे टिकली कशामुळे, हे पाहिले तर तो दाखला बाहेरच्या भिंतीला लागू पडत नाही. खडकावर आधी जाडसर मातीचा थर, त्यात खडीचा चुरा, भाताचे तूस, वनस्पतींचे तंतू. त्यावर बारीक मातीचा दुसरा थर. त्यावर पांढरा पातळ लेप. आणि त्यावर गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळी आणि बाहेरून आणलेला लाजवर्द हे रंग डिंकासारख्या बंधकात कालवून दिलेले. म्हणजे गिलावा मातीचाच आहे, किनवटच्या जुन्या घराचाच भाऊबंद. फरक एवढाच की तो डोंगराच्या पोटात आहे. त्याला ऊन नाही, पाऊस नाही. तरीही किडीने आणि ओलीने तिथले पुष्कळ गेले. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले असल्याचे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या तंतूंमुळे तिथला गिलावा किडीपासून बचावला असावा, असे त्या संशोधकांचे म्हणणे आहे. कारागिराचे निम्मे कौशल्य रंगाच्या खाली, न दिसणाऱ्या थरात असते, ही गोष्ट यातून शिकण्यासारखी आहे.

अजिंठ्याचा आणखी एक धडा आहे आणि तो आजच्या घरमालकाला थेट उपयोगी पडणारा आहे. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीहून जाणकार बोलावून चित्रांचे जतन करून घेतले. सुटलेला गिलावा त्यांनी पक्का केला, हे काम मोलाचे होते. पण चित्रांवर लाखेचे रोगण चढवले गेले. सुरुवातीला रंग उजळ दिसले. पुढे ते रोगण पिवळे, मग तपकिरी होत गेले, त्यात धूळ बसली आणि ते काढण्याचे किचकट काम पुरातत्त्व खात्याला पुढे वर्षानुवर्षे करावे लागले. आज बाहेरच्या चित्रावर 'वरून एक क्लिअर कोट मारून टाकू, मग बघायलाच नको' असे सहज म्हटले जाते. भिंतीतून बाहेर पडू पाहणारी वाफ त्या कोटाखाली अडते आणि चित्रासकट पापुद्रा सुटतो. संरक्षक थर द्यायचाच असेल, तर तो वाफ जाऊ देणारा आणि पुढे काढता येणारा असावा. हा प्रश्न चित्रकाराला कामाच्या शेवटी विचारून चालत नाही, आधीच विचारावा लागतो.

एक वर्ष आणि दीड हजार वर्षे यांच्यामध्ये आधुनिक भारतीय चित्रकारांनी काही मधली उत्तरे शोधली आहेत. शांतिनिकेतनात १९३५ मध्ये रवींद्रनाथांसाठी 'श्यामली' हे मातीचे घर बांधले गेले. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर नंदलाल बोस, रामकिंकर बैज आणि विद्यार्थ्यांनी उठावाची चित्रे केली. मातीला डांबराचा हात दिला, म्हणजे पावसाचा मारा सोसावा. कलाभवनातले 'काळे घर'ही याच जातीचे. ही कामे आजही पाहायला मिळतात, कारण संस्था त्यांची निगा राखते. आपल्या मातीच्या घराची रीतच तिथे संस्थेने चालू ठेवली आहे.

के. जी. सुब्रमण्यन यांनी दोन वेगळी उत्तरे दिली. लखनौच्या रवींद्रालयाच्या बाहेरच्या भिंतीसाठी त्यांनी १९६३ मध्ये भाजलेल्या मातीच्या फरशांचे भित्तिचित्र केले, ८१ फूट लांब आणि ९ फूट उंच. तिथे रंग आणि भिंत वेगळे नाहीत. चित्रच भट्टीतून भाजून आले आहे. उलट शांतिनिकेतनातल्या एका इमारतीवर १९९० च्या सुमारास त्यांनी काळ्या-पांढऱ्या रंगांत सगळ्या भिंती रंगवल्या. उन्हापावसाने त्या विटल्या तेव्हा २००९ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांनी त्या पुन्हा नव्याने रंगवल्या. एकाच माणसाने एकदा टिकाऊ माध्यम निवडले आणि एकदा पुन्हा रंगवायची तयारी ठेवली. दोन्ही प्रामाणिक उत्तरे आहेत. अप्रामाणिक उत्तर एकच : टिकणार नाही असे माध्यम निवडायचे आणि पुन्हा रंगवायची तजवीजही करायची नाही.

मुंबईत फोर्टमधल्या न्यू इंडिया अॅश्युरन्सच्या १९३६ च्या इमारतीवर एन. जी. पानसरे यांनी केलेले शेतकरी, कुंभार, विणकर यांचे उठाव पाहिले की तिसरा मार्ग दिसतो. तिथे रंग नाही. ऊन आणि सावली हेच रंगाचे काम करतात आणि दिवसभरात चित्र बदलत राहते. ऊन भरपूर असलेल्या आपल्या मुलखात या पर्यायाचा विचार फार कमी घरमालक करतात.

आता किनवटच्या त्या भिंतीकडे येऊ. पश्चिमेला तोंड म्हणजे दुपारनंतरचे सारे ऊन अंगावर आणि नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसाची झोडही तिच्यावरच. मराठवाड्याचा बराचसा भाग पावसासाठी तरसतो, पण पैनगंगेच्या काठचा हा डोंगराळ, सागवानी पट्टा त्या मानाने पावसाचा आहे. दर्शनी भिंत म्हणून निवडलेली जागा चित्रासाठी घरातली सर्वांत वाईट जागा असू शकते. उत्तरेची भिंत असती तर रंग कितीतरी अधिक टिकले असते. मात्र तिथे ओल रेंगाळून शेवाळ धरण्याची भीती. पूर्वेची भिंत बहुधा सर्वांत सोयीची. घर अजून कागदावर असतानाच चित्राचा विचार झाला, तर वास्तुरचनाकार त्या भिंतीवर दीड-दोन फुटांचा छज्जा काढू शकतो, त्याच्या खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी खाच ठेवू शकतो, गच्चीच्या कठड्याचा माथा आतल्या बाजूला उतरता करू शकतो. चित्र खराब होते ते बहुतेक वेळा पावसाच्या थेट माऱ्याने नव्हे, कठड्यावरून ओघळणाऱ्या मळक्या पाण्याने. त्या काळ्या ओघळांना पाच हजारांचा रंगही थांबवत नाही आणि पन्नास हजारांचाही नाही. खाच थांबवते, आणि तिला गवंड्याचा अर्धा दिवस लागतो.

दुसरी गोष्ट भेगांची. पाया काळ्या भारी मातीत असेल, तर ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या निघणाऱ्या भेगा मराठवाड्यातल्या कोणाही घरमालकाच्या ओळखीच्या आहेत. विटांची भिंत आणि काँक्रीटचा खांब जिथे मिळतात, तिथेही उभी भेग येते. गिलावा करताना त्या सांध्यावर जाळी बसवली तर ती बरीच टळते. माझा सल्ला असा की नव्या घराने एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहिल्याशिवाय त्यावर चित्र काढू नये. वास्तुशांतीच्या तारखेला चित्र तयार हवे, हा हट्ट चित्राच्या मुळावर येतो.

त्याला आणखी एक कारण आहे. नवा सिमेंटचा गिलावा तीव्र अल्कधर्मी असतो. त्यावर घाईने रंग दिला तर काही रंगद्रव्ये जळतात. प्रशियन निळा तर अशा भिंतीवर टिकतच नाही. आतले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात आणि पांढरा लोणा फुटतो. गिलाव्यावर पाणी मारून तो पुरता मुरला पाहिजे, मग पूर्ण वाळला पाहिजे, आणि त्यानंतरच क्षाररोधक प्रायमर. घरात वापरायची पुट्टी बाहेर चालत नाही, हे सांगायला नको. पण स्वस्तात काम उरकताना ती हमखास लावली जाते.

रंगांचे म्हणाल, तर जुन्या बायांनी निवडलेले रंगच आजही सर्वांत भरवशाचे आहेत. काव, गेरू आणि पिवडी म्हणजे लोहाची संयुगे. त्यांना ना ऊन खाते ना चुना. काजळीचा काळाही तसाच. भडक गुलाबी, लिंबू पिवळा, जांभळा हे रंग बहुधा सेंद्रिय रंगद्रव्यांचे, आणि त्यांतले स्वस्तातले पश्चिमेच्या भिंतीवर लवकर विटतात. चांगल्या ॲक्रिलिक रंगाच्या डब्यावर किंवा ट्यूबवर रंगद्रव्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक छापलेला असतो. पी.आर. १०१ म्हणजे लोहाचा तांबडा, पी.वाय. ४२ म्हणजे लोहाचा पिवळा, पी.जी. ७ म्हणजे टिकाऊ थॅलो हिरवा. रंगाच्या नावावर जाऊ नये. त्या क्रमांकावर जावे. युरोपात १८७८ पासून पोटॅशियम सिलिकेटवर आधारलेले खनिज रंग बाहेरच्या भिंतींसाठी वापरतात. ते गिलाव्याशी रासायनिक रीतीने एकजीव होतात आणि वाफही जाऊ देतात. ते मागवावे लागतात आणि महाग पडतात, पण वीसेक वर्षांची अपेक्षा असेल तर हिशेब करून पाहण्यासारखे आहेत.

आणि एक पर्याय आपल्या डोक्यावरच असतो. गच्ची गळू नये म्हणून फुटक्या फरश्यांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवतात, त्याला आपल्याकडे चायना मोझॅक म्हणतात. तालुक्यातल्या कुठल्याही गवंड्याला ते काम येते. चंडीगडला नेकचंद यांनी फुटक्या फरश्या, बांगड्या आणि टाकाऊ चिनी मातीपासून अख्खी बाग उभी केली. ती १९७६ मध्ये लोकांसाठी खुली झाली. किनवट-माहूर भागात बंजारा समाज मोठा आहे आणि त्यांच्या कपड्यांवरचे आरशांचे भरतकाम सर्वांनी पाहिलेले आहे. चित्रकाराने रेखाटन करावे आणि गवंड्याने फरशीच्या नि आरशाच्या तुकड्यांत ते बसवावे, असे काम पश्चिमेच्या भिंतीवरही न विटता राहील. ते करायला वेळ अधिक लागतो, पण त्यात तालुक्यातलाच पैसा तालुक्यात राहतो.

आता 'कोणते चित्र' या प्रश्नाला हात घालता येईल. त्या शिक्षक दांपत्याच्या मनात गोंड चित्र होते, कारण किनवट गोंडांचा मुलूख. ही भावना खरी आहे, पण तिच्यात एक गुंता आहे आणि तो सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

किनवट तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद संस्थानातल्या आणि नंतरच्या हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. तिथल्या राजगोंडांचा अभ्यास क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात केला आणि १९४८ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. या गोंडांच्या कुळकथा सांभाळतात ते परधान. किंगरी वाजवत ते देवांच्या आणि कुळांच्या कथा गातात. इथली गोंड परंपरा पाहायची तर ती गाण्यात, दंडारीत, पेनांच्या पूजेत आहे. आज बाजारात 'गोंड पेंटिंग' म्हणून जे ठिपक्या-रेषांनी भरलेले हरीण आणि झाड मिळते, त्याची वाट वेगळी आहे.

ती वाट मध्य प्रदेशातल्या पाटनगड या गावातून निघते. भोपाळच्या भारत भवनासाठी जे. स्वामीनाथन यांच्या पुढाकाराने आदिवासी कलांचा शोध चालू असताना, १९८१ च्या सुमारास जनगढ सिंह श्याम या तरुणाचे घराच्या भिंतीवरचे काम त्यांच्या माणसांच्या नजरेस पडले. जनगढ परधान होते. पूर्वजांनी जे गाऊन सांगितले ते त्यांनी रेषेत उतरवायला सुरुवात केली. चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या भोपाळच्या विधान भवनाच्या भिंतीही त्यांनी रंगवल्या. २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयासाठी काम करत असताना, चाळिशीच्या आतबाहेर, परक्या मुलखात त्यांचा अंत झाला. आज जिला आपण गोंड शैली म्हणतो ती मोठ्या अंशी या एका माणसाने घडवलेली आणि त्याच्या नातेवाइकांनी, गाववाल्यांनी पुढे नेलेली आहे. २०२३ मध्ये मध्य प्रदेशच्या गोंड चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळाले.

मग किनवटच्या भिंतीवर काय काढावे? मोबाइलवर सापडलेले हरीण बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकडून मोठे करून घेणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत पोकळ मार्ग. त्यात पाटनगडच्या चित्रकाराला काही मिळत नाही, किनवटच्या गोंडाचे त्यात काही नाही, आणि पेंटरलाही आपले म्हणून काही करायला मिळत नाही. दुसरा मार्ग म्हणजे पाटनगडच्या परंपरेतल्या चित्रकाराला रीतसर बोलावणे, त्याचा प्रवास, मुक्काम आणि मानधन देणे. हे चोख आहे. तिसरा मार्ग मला अधिक जवळचा वाटतो : इथल्याच परधानाकडून एखादी कथा ऐकायची, ती भिंतीवर आणायची का, कितपत आणायची, हे त्याला विचारायचे, त्याला मोबदला द्यायचा, आणि इथल्याच चित्रकाराकडून ती त्याच्या हाताच्या शैलीत काढून घ्यायची. काही गोष्टी भिंतीवर आणू नयेत असे तो म्हणाला, तर तेही मानायचे.

इथला चित्रकार कोण, असा प्रश्न पडेल. फ्लेक्स येण्यापूर्वी प्रत्येक तालुक्याच्या गावात दुकानांच्या पाट्या, ट्रक आणि सिनेमाचे फलक रंगवणारे दोन-चार तरबेज हात असत. त्यांतले काही आज जिल्हा परिषदेच्या शाळांच्या 'बोलक्या भिंती' रंगवतात. चौकटी आखून वितीएवढे चित्र भिंतीएवढे कसे करायचे, परांचीवर बसून लांबून दिसणारे प्रमाण कसे साधायचे, हे त्यांना कलामहाविद्यालयातून नुकत्याच आलेल्या मुलापेक्षा अधिक कळते. त्या मुलाला रेखाटन अधिक कळते. दोघांना एकत्र काम द्यावे. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातलेच निर्मल गाव नकाशांच्या, म्हणजे लाकडावर रंगकाम करणाऱ्या कारागिरांच्या, घराण्यांसाठी प्रसिद्ध आहे. सीमा १९५६ मध्ये बदलली, पण किनवटच्या घराला हे शेजारी कारागीर परके नाहीत.

आता पैसा आणि करार. चौरस फुटाचा भाव हा रंगकामाचा हिशेब आहे, चित्राचा नव्हे. त्या भावाने चित्रकाराचा फायदा मोठे आणि मोकळे आकार भरण्यात असतो. बारीक काम केले की तो तोट्यात जातो. त्या बारा बाय चौदाच्या भिंतीचे क्षेत्रफळ १६८ चौरस फूट. साधा बाहेरचा रंग एका लिटरला दोन हातांत पन्नास-साठ चौरस फूट भरतो, म्हणजे रंग लागणार तीन-साडेतीन लिटर आणि वरचे रंग वेगळे. सामानाचा खर्च असा उघड मांडता येतो. तो बाजूला काढला की उरते ते चित्रकाराचे मोल, आणि त्यावर बोलणे मोकळेपणाने होते. रेखाटनाचे पैसे वेगळे द्यावेत, आणि रेखाटन पसंत पडले नाही तरी द्यावेत. ते फुकट मागण्याची रीत आहे म्हणूनच चित्रकार जुने चित्र पुन्हा दाखवतो. परांचीचे भाडे कोणाकडे, पावसाने काम थांबले तर काय, आणि शेजाऱ्याच्या अंगणात परांची रोवावी लागणार असेल तर त्याची परवानगी कोण घेणार, हेही आधीच लिहावे. परवानगी घरमालकानेच घ्यावी. चित्रकाराला त्या अंगणात आपण पाहुणा म्हणून पाठवत असतो.

कायद्याची बाजू बहुतेकांना माहीत नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, कोणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन काढलेल्या चित्राचा पहिला कॉपीराइट, उलट करार नसेल तर, चित्र काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणजे चित्रकाराने स्वतःच्याच चित्राची प्रत पुढे दिनदर्शिकेवर छापायची म्हटली, तर घरमालक त्याला अडवू शकतो. हे न्याय्य वाटत नसेल तर 'कॉपीराइट चित्रकाराकडे राहील' एवढे एक वाक्य करारात लिहावे. कागदावर लिहिलेले एक वाक्य घरमालकाला काहीही खर्चात टाकत नाही.

त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमाने मात्र चित्रकाराकडे एक हक्क कायम राहतो : कामाला आपले नाव असण्याचा, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा किंवा तिची भरपाई मागण्याचा. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी कांस्याचे प्रचंड भित्तिशिल्प केले होते. १९७९ मध्ये ते त्यांना न विचारता काढून गोदामात टाकले गेले. सहगल न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये निकाल दिला, शिल्पाचे अवशेष त्यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. दुसऱ्या बाजूला, दिल्लीच्या प्रगती मैदानातले 'हॉल ऑफ नेशन्स' २०१७ मध्ये पाडले गेले तेव्हा वास्तुरचनाकार राज रेवाल यांनी दाद मागितली, आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने मालकाच्या मालमत्तेच्या हक्काला झुकते माप दिले. घरमालकाने यातून घाबरायचे कारण नाही. घर वाढवायचे झाले, भिंत पाडायची झाली, तर चित्रकाराला आधी कळवू, त्याला छायाचित्रे काढू देऊ, आणि अर्धवट खरडलेले चित्र त्याच्या नावासकट उभे ठेवणार नाही, एवढे तीन शब्द करारात असले की दोन्ही बाजू सुखी राहतात.

विषय निवडताना आणखी एका गोष्टीचे भान हवे. बाहेरची भिंत आपली असली तरी चित्र रस्त्याचे असते. देवाचे चित्र काढले की त्यापुढे कोणीतरी उदबत्ती लावणार, हार घालणार, आणि मग पाच वर्षांनी ते पुसून दुसरे काढणे अशक्य होणार. माहूरची रेणुका जिथून जवळ आहे अशा गावात हे अधिकच खरे. पूजेचे स्थान करायचे असेल तर ते ठरवून करावे. चित्र म्हणून सुरू करून नकळत देऊळ होऊ देऊ नये. झाड, नदी, शेतातले काम, सहस्रकुंडचे पाणी, दंडारीतले नाचणारे पाय, असे विषय पुन्हा रंगवता येतात, बदलता येतात, आणि त्यात कोणाचे मन दुखावत नाही.

त्या दांपत्याला मी शेवटी लिहून दिले ते असे. पहिले वर्ष भिंत नुसती पांढरी ठेवा आणि भेगा, ओघळ कुठे येतात ते पाहा. कठड्याची खाच आणि छज्जा आधी. पश्चिमेच्या भिंतीचा खालचा भाग, जिथे पावसाचे शिंतोडे उडतात तो तीन फुटांपर्यंत, फरशीच्या तुकड्यांत करा. वरचा भाग काव, पिवडी, काळा आणि पांढरा एवढ्याच रंगांत. चित्राचे आयुष्य सात वर्षे धरा आणि तसे करारात लिहा : तिसऱ्या वर्षी त्याच चित्रकाराने येऊन डागडुजी करायची, तिचे मानधन आजच ठरवायचे, सातव्या वर्षी चित्र तेच ठेवायचे की नवे काढायचे, हे दोघांनी मिळून ठरवायचे. वापरलेल्या प्रत्येक रंगाचा क्रमांक एका वहीत लिहून ठेवा आणि उरलेल्या रंगाचा एकेक छोटा डबा झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा. चित्रकाराचे नाव आणि वर्ष भिंतीवर खालच्या उजव्या कोपऱ्यात, वाचता येईल एवढ्या अक्षरांत घाला.

सात हा आकडा शास्त्राने ठरवलेला नाही. एवढ्या काळात घरातले मूल दुसरीतून नववीत जाते, आणि पुढच्या वेळी भिंतीवर काय असावे याबद्दल त्याचेही काही म्हणणे तयार झालेले असते.